पाटीवालीचा नारळ

आमच्या ह्यांचा वाढदिवस कार्तिक वद्य पंचमीला. खरा जन्म कुठल्या तिथीचा, ते त्यांच्या आईलाच ठाऊक नव्हतं. विचारलं की म्हातारी म्हणायची, "पापलेट भरपूर लागलेलं तेव्हा," आणि मग त्या वर्षीच्या पापलेटाचीच गोष्ट सांगत बसायची. पंचमी आली ती नंतर. ती कशी आली हे सांगितल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही, म्हणून आधी तेच सांगते.

माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. हे तेव्हा शिडाच्या होडीवर जायचे, बरोबर त्यांचा मित्र भिवा आणि आणखी दोघे. दिवाळी उलटली आणि वादळ उठलं. मिरकरवाड्यातल्या बाकीच्या होड्या परत लागल्या, ह्यांची लागली नाही. एक रात्र गेली, दुसरी गेली. बायका माझ्याकडे बघायच्या आणि मान वळवायच्या. एकजण तर माझ्या बांगड्यांकडेच बघत बसली होती. सासूने तिला दंडाला धरून घराबाहेर काढलं. मी कुठल्या देवाचं नाव घेतलं नाही. कुठला देव समुद्रावर गेलेला असतो ते मला काय माहीत? मी एवढंच बोलले, की जो कोण ह्यांना घरी आणील त्याच्या पायाशी जाऊन मी नारळ देईन.

पंचमीला सकाळी होडी आली. शीड फाटलेलं, माणसं सुकलेल्या बांगड्यासारखी, पण चारही जिवंत. कोणी आणलं रे तुम्हाला, म्हणून सासूने विचारलं, तर हे म्हणाले, "पाटीवालीने."

पाटीवाली म्हणजे डोंगर. थंडीच्या दिवसांत हवा स्वच्छ असली की पहाटे आमच्या समुद्रातून उगवतीला सह्याद्रीची रांग दिसते. त्या रांगेत एक डोंगर बसलेल्या बाईसारखा आहे आणि तिच्या डोक्यावर पाटी आहे. आमच्यातलीच कोणीतरी बाजाराला निघालेली आणि वाटेत टेकलेली, असं वाटतं. तिला नाकासमोर धरलं की होडी सरळ बंदरात येते. वादळ सरल्यावर ढग फाटले, पाटीवाली दिसली, आणि ह्यांनी होडीचं तोंड तिच्याकडे वळवलं. सासूने ह्यांना ओवाळलं आणि म्हणाली, "आज जन्मलास तू. आता दुसरी तिथी नको."

आणि माझा नारळ राहिला तो राहिलाच. आज जाऊ, उद्या जाऊ. मासळी विकणाऱ्या बाईला डोंगर बघायला सवड कधी मिळते? पाटी घेऊन मी हातखंब्यापर्यंत जायची, मुंबईच्या गाड्या थांबतात तिथे बांगडा-सुरमई विकायची आणि परत फिरायची. त्याच्या पुढे रस्ता कुठे जातो ते बघितलं नाही. दर पंचमीला शेवयांची खीर करायची, उगवतीकडे तोंड करून हात जोडायचे आणि पाटीवालीला सांगायचं, बाई माझे, विसरले नाही हां मी.

अशी वर्षं गेली. शिडाच्या होड्या गेल्या, इंजिनाच्या लाँचा आल्या, आणि हे हाजीसाहेबांच्या लाँचवर तांडेल झाले. म्हणजे सुकाणू ह्यांच्या हातात आणि पोरांचे जीव पण. नव्या पोरांना होकायंत्र पुरतं, ती डोंगराकडे मान वर करून बघत नाहीत. पण ह्यांचा एक नेम होता आणि तो सगळ्या लाँचला तोंडपाठ होता. "पाटीवालीच्या डोक्यावरची पाटी दिसते तोवर मी तांडेल. ज्या दिवशी दिसेनाशी होईल त्या दिवशी सुकाणू सोडीन. डोळे गेलेल्या माणसाने दुसऱ्यांची पोरं समुद्रात नेऊ नयेत."

मग एका वर्षी दसऱ्यानंतर एकदा जेवता जेवता हे थांबले. म्हणाले, "गुणवंती, पाटी दिसत नाही गो."

मला वाटलं माझी मासळीची पाटी. म्हटलं, ती काय दाराशी उपडी घातलीय.

"ती नाही. डोंगराची. बाई दिसते, डोकं दिसतं, वर काही नाही. गेल्या थंडीत पण नव्हती दिसली. म्हटलं, धुरकट हवा असेल. आज हवा आरशासारखी होती."

"बाकी दिसतं ना? दीपस्तंभ? समोरून येणारी लाँच?"

"ते मोठं असतं. पाटी बारीक. माझी परीक्षा तीच." मग म्हणाले, "भिवाला सहज विचारलं, पाटीवाली काय म्हणते रे? तो म्हणाला, ही काय, पाटीसकट बसलीय. त्याला दिसते. म्हणजे माझेच गेले."

डॉक्टरकडे चला म्हटलं तर नाही म्हणाले. पंचमी झाली की दुसऱ्या दिवशी हाजीसाहेबांना जाऊन सांगणार, दुसरा तांडेल बघा. एवढं बोलून उरलेला भात तसाच ठेवून उठले. मला आधी राग आला, मग रडू आलं, मग परत राग आला. हा माणूस घरी बसला तर चार दिवस माझ्या आमटीला नावं ठेवील आणि पाचव्या दिवसापासून बोलायचाच बंद होईल, हे मला डोळ्यांसमोर दिसत होतं. समुद्रावरून उतरून ओट्यावर बसलेले तांडेल मी आमच्या वाडीत बघितलेत. खोकतात आणि वाट बघतात, बस.

त्यांचा हात मी धरू शकत नव्हते, पण माझा नारळ होता. सुकाणू सोडायच्या आधी तो देऊन टाकायचा आणि ह्यांना त्यांची पाटीवाली एकदा जवळून दाखवायची, असं मी ठरवलं. त्या वर्षी पंचमी आली शुक्रवारी, आणि शुक्रवारी आमच्या बंदरात जुम्म्यामुळे बहुतेक लाँचा उभ्याच असतात. मी मासळीबाजारात उभी राहिले आणि ओरडले, "डोंगर बघायला एका दिवसाची सहल. कोण कोण येतंय?" समुद्र बघून बघून सगळ्या विटलेल्याच होत्या. बघता बघता एसटीची कराराची गाडी भरली. डोळ्यांचं मी कोणाला सांगितलं नाही. वाढदिवस आहे, नारळ द्यायचाय, एवढंच सांगितलं.

शुक्रवारी सकाळी गाडी निघाली. माझ्या शेजारच्या गाळ्यावरची गोदूबाई तीन पिशव्या घेऊन आली. विचारलं तर म्हणे, घाटात थंडी असते. दोन पिशव्यांत सुकट आणि तळलेला बांगडा निघाला. हे खिडकीशी बसले, मांडीवर फडक्यात बांधलेला नारळ. मागच्या बाकावर भिवा. त्याचं तोंड मिरकरवाड्यापासून जे सुरू झालं ते थांबेना.

"खंडू, आज वाढदिवस तुझा, पण जन्मलो मी पण त्याच दिवशी. वहिनी, माझा नारळ कुठाय?"

"तुझा तुझ्या बायकोने द्यायचा," मी म्हटलं. "तिला विचार, तू परत आल्याचा तिला आनंद झाला होता का ते."

गाडीत हशा पिकला. हे पण हसले, पण तोंड बाहेरच ठेवून.

हातखंब्याला चहा झाला. मग पाली, मग नाणीज, आणि पुढे रस्ता वर चढायला लागला. भातं कापून झाली होती, शेतं मोकळी पडली होती. साखरप्याच्या पुढे डोंगर असे काही जवळ आले की गोदूबाईने खिडकी लावून घेतली. आणि तिथेच आमची पंचाईत झाली. समुद्रातून बघावं तर सगळे डोंगर एका रांगेत शहाण्यासारखे उभे असतात. इथे एकाच्या मागून दुसरा निघत होता, वळण घेतलं की पहिला पालथा पडायचा आणि तिसराच समोर यायचा. ह्यांनी जन्मभर पाटीवाली एकाच बाजूने बघितलेली. जवळ गेल्यावर ती ओळखता यायची नाही, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. माझ्या तर नाहीच. मला वाटलं होतं, गाडीतून उतरलं की समोर बाई बसलेली असेल.

डायव्हरला विचारलं, पाटीवालीचा डोंगर कुठला? तो म्हणाला, "मावशी, मी ह्या रस्त्यावर रोज आहे. असा डोंगर नाही."

"ती काय," भिवा ओरडला. "थांबवा, थांबवा गाडी. ही बघ, डोकं, खांदा, आणि वर पाटी. स्पष्ट दिसतेय."

गाडी थांबली. सगळ्या बायका खाली उतरल्या, कोणी हळदकुंकू काढलं, गोदूबाईने उदबत्ती पेटवली. ह्यांनी बराच वेळ वर बघितलं. मग अगदी हळू मला म्हणाले, "मला डोक्यावर काही दिसत नाही." आणि गाडीत जाऊन बसले. पुढच्या वळणावर भिवाला दुसरी पाटीवाली दिसली, त्याच्यापुढे तिसरी. बायका चढून उतरून दमल्या. गोदूबाई म्हणाली, "आता चौथीला मी उतरणार नाही, तिनेच गाडीत यावं." पण माझं हसण्याकडे लक्ष नव्हतं. भिवा प्रत्येक वेळी पाटी स्पष्ट दिसते म्हणायचा आणि प्रत्येक वेळी हे थोडे आणखी गप्प व्हायचे. त्या भिवाचं तोंड दाबावं असं वाटत होतं मला.

घाट चढून वर आलो. रस्त्याच्या कडेला मोठा सपाट माळ होता, तिथे जेवायला बसलो. भाकरी, तळलेला बांगडा, सुकटीची चटणी, आणि मी घरून डब्यातून आणलेली खीर. सगळ्यांनी ह्यांच्या तोंडात खिरीचा एकेक घास घातला. ह्यांनी खाल्ला. नारळ शेजारी तसाच. डायव्हरने सांगून ठेवलं होतं, उन्हं कलायच्या आत निघायचं. मी मनात म्हटलं, संपलं. नारळ तसाच परत न्यायचा आणि उद्या सुकाणू पण द्यायचं.

तेवढ्यात माळाच्या कडेला एक म्हातारी दिसली. कार्तिकात तिकडे गवत कापतात. तिने भारा बांधला होता आणि डोक्यावर घ्यायला हात द्यायला कोणी मिळतं का बघत होती. भरलेली पाटी एकटीने डोक्यावर चढत नाही, हे मला सांगायला नको. आमच्या बंदरावर तर भांडण असलं तरी पाटीला हात द्यायला कोणी नाही म्हणत नाही. मी उठले आणि भाऱ्याला हात लावला.

"उचलू नको लगेच, बाय," ती म्हणाली. "टेकते जराशी. कुठली तुम्ही?"

"मिरकरवाड्याची. रत्नागिरी बंदर."

तिचं नाव तुळसा. मालक मुंबईला गिरणीत होता, संपानंतर घरी आला आणि वर्षभरात गेला, असं तिने आपणहून सांगितलं. मी तिला बांगडा दिला. ती खात होती आणि मी तिला पाटीवालीचं सांगत होते. वादळाचं, नारळाचं, आणि का कोण जाणे, डोळ्यांचं पण. परक्या माणसाला सांगायला जीभ सैल सुटते. बसलेली बाई तिला काही कळेना. पण पाटीचं ऐकल्यावर ती खायची थांबली.

"सगळे डोंगर बोडके आणि एकाच्याच डोक्यावर काळं, असं काय?"

"हो, तसंच."

"ती आमची राई गो," ती म्हणाली. "देवाची झाडं. बाकीच्या डोंगरांवरची झाडं कोळसेवाल्यांनी नेली. माझ्या सासऱ्याने कुऱ्हाड लावू दिली नाय. ह्या माळाच्या वरती."

"आता आहे ती?"

"नाय. दोन वर्षं झाली. उन्हाळ्यात वणवा चढला वर, एका दुपारात सगळी राई गेली. आमच्या घरात चूल पेटवली नव्हती कोणी त्या दिवशी."

मी तिचा हात धरला आणि तो सोडायचं मला सुचलंच नाही. दोन वर्षं. गेल्या थंडीत दिसली नाही, ह्या थंडीत दिसली नाही. मी ह्यांना हाक मारली. नवऱ्याचं नाव मी घेत नाही, पण त्या दिवशी "अहो" एवढी मोठी मारली की सगळा माळ वळून बघायला लागला.

तुळसा पुढे, मागे हे, मी, भिवा आणि बायकांची रांग. चढण फार नव्हती. वरती पोचलो तर मोठमोठी खोडं काळी पडलेली, मध्ये शेंदूर लावलेला एक दगड, आणि मावळतीकडे सगळं मोकळं. खाली काजळी नदीची दरी, आणि पार टोकाला उन्हात चमकणारी एक रेघ. ह्यांनी त्या रेघेकडे बघितलं. मग डावीकडचं टोक, उजवीकडचं टोक, असं हाताने धरून बघितलं, सुकाणूवर उभे राहून बघतात तसं. आणि खाली बघितलं, आम्ही जेवलो त्या माळाकडे.

"ती तिची मांडी," म्हणाले. "आपण डोक्यावर उभे आहोत गो."

मी त्यांना तुळसाचं सगळं सांगितलं. ते ऐकत होते आणि एका जळक्या खोडावर हात फिरवत होते. मग वळून भिवाकडे बघितलं.

"तू म्हणालास, पाटी दिसते."

भिवा खाली वाकून पायातला काटा शोधायला लागला.

"दसऱ्यानंतर विचारलं, तेव्हा म्हणालास पाटीसकट बसलीय. आज रस्त्यावर तीनदा म्हणालास."

"मग काय म्हणू?" भिवा म्हणाला. "तू विचारलंस ते असं, की मला वाटलं तुला दिसतेय. मला दिसत नव्हती. मी म्हटलं, माझे डोळे गेले, कळलं तर तू मला लाँचवरून उतरवशील. तुझा नेम माहीत नाही काय मला? वर्षभर झोप नाही रे मेल्या."

"मला कुठे होती?"

 आधी हे हसायला लागले, मग भिवा. हसता हसता भिवा खाली बसला आणि धोतराच्या टोकाने डोळे पुसायला लागला, आणि हे त्याच्या पाठीवर थापा मारत होते, त्या जरा जोरातच होत्या. मला दोघांच्याही कानाखाली वाजवावी असं वाटलं. एका लाँचवर उभे राहून, एकाच डोंगराकडे बघून, दोन म्हातारे एकमेकांना थापा मारतात आणि इकडे माझी झोप जाते. मग मी पण त्यांच्या शेजारी बसले.

ह्यांनी खाली रस्त्याकडे बोट केलं. "गाडीच्या टपावर कावळा बसलाय बघ."

दमयंती म्हणून आमच्या वाडीतली तरणी पोर होती, तिने डोळे बारीक करून बघितलं. "हो, तात्या. आहे."

"एक नाही, दोन आहेत," भिवा म्हणाला, आणि खरंच दोन होते.

नारळ ह्यांनी माझ्या हातात दिला. "नवस तुझा आहे." मी त्या दगडापुढे उभी राहिले. इतकी वर्षं काय काय बोलायचं ते मी ठरवून ठेवलं होतं. एक शब्द आठवला नाही. मी म्हटलं, बाई, तू माझा माणूस घरी आणलास. आणि नारळ फोडला. पाणी जिथे सांडलं तिथे जळलेल्या खोडाच्या बुडातून हिरवे फुटवे आलेले दिसले, गुडघ्याएवढे. तुळसा म्हणाली, जांभळीचे आहेत, ह्या पावसात चांगले वाढले, गुरं येऊ नयेत म्हणून मीच काटे लावलेत.

अर्धा नारळ मी तिच्या ओटीत घातला. विधवा बाईची ओटी कोणी भरत नाही, हे मला माहीत होतं आणि तिला पण. ती मागे सरकली. मी म्हटलं, "तुझ्या सासऱ्याने झाडं तोडू दिली असती तर मी पण आज तुझ्यासारखीच असते, आणि तेव्हापासून. गप घे." तिने पदर पुढे केला. मग तिने ह्यांना विचारलं, "थंडीत तिन्हीसांजेला त्या रेघेवर कधी कधी बारीक दिवे दिसतात, ते तुमचे काय?" हे म्हणाले, आमचेच. ती वळून रेघेकडे बघत राहिली.

खाली उतरल्यावर मी तिच्या भाऱ्याला हात दिला. भारा डोक्यावर घेऊन ती माळावरून गेली.

परतीला गाडीत बायकांनी गाणी म्हटली. गोदूबाई नारळाचा प्रसाद वाटता वाटता झोपली. भिवा कंडक्टरच्या बाकावर बसून डायव्हरला लांबच्या पाट्या वाचून दाखवत होता, डायव्हर कंटाळला तरी. हे माझ्या शेजारी. साखरपं गेलं, पाली गेली. हातखंबा आला, आमच्या वासाची हवा लागली, तरी ते खिडकीबाहेरच बघत होते. मला वाटत होतं विचारावं, हाजीसाहेबांकडे उद्या जायचंय का? पण मी खिरीचा रिकामा डबा पुसत बसले. अजून मनात काही असलं तर?

मिरकरवाड्याचा उतार लागला तेव्हा ते खिडकीतून आत वळले.

"उद्या डबा लवकर कर," म्हणाले. "लाँच पहाटेच सुटेल."

लग्न झाल्यापासून मी त्या पहाटेच्या डब्याला शिव्या घालत आले. काळोखात उठायचं, चुलीत फुंकर मारायची, आणि नवरा समुद्रावर. त्या रात्री मी भिंतीला टेकून जागी बसले, आणि कोंबडा आरवायच्या आधीच चूल पेटवली.